सरांच्या हाडांचं कारण

आमच्या शाळेत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वार, तारीख आणि हजर मुलांचा आकडा लिहायची पद्धत होती. सरांच्या वर्गात त्याखाली आणखी एक ओळ असायची. ‘आज : डावी मांडी.’ कधी ‘आज : बरगड्या.’ कधी नुसतंच ‘आज : सगळीकडे.’ रेडिओवर हवामान सांगतात तसं सर आपल्या हाडांचं हवामान फळ्यावर लिहून टाकायचे आणि मग शांतपणे पचनसंस्था शिकवायला लागायचे. पोरं आधी तो कोपरा वाचायची. ‘सगळीकडे’ असलं की त्या दिवशी कुणी दंगा करत नसे. एवढी माणुसकी सातवीच्या पोरांतही असते.

मोठ्यांत ती कमी असते. शिक्षकांच्या खोलीत त्या ओळीवरून रोज हसणं व्हायचं. “आज मास्तरचं कुठलं हाड सुट्टीवर हाय?” असं कुणी विचारलं की बाकीचे चहाचे कप धरून खिदळायचे. मी त्यांच्यात नवी होते आणि एकटीच बाई होते. मी हसत नसे, पण मला सरांची लाज वाटायची. आपलं दुखणं असं चारचौघांत मांडायचं का, असं वाटायचं. दुखणं झाकायचं असतं असंच आम्हाला घरात शिकवलेलं. माझी माय जन्मात कधी कण्हली नव्हती.

सर माझेही सर होते. चाकूरजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या ह्याच शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं होतं. मी डी.एड. करून त्यांच्या शेजारच्या वर्गावर रुजू झाले, त्या दिवसापासून त्यांनी मला ‘पोरी’ म्हणायचं सोडलं आणि ‘अहो बाई’ म्हणायला लागले. मी म्हटलं, “सर, असं नका ना म्हणू.” ते म्हणाले, “कार्य बदललं की नाव बदलतं.” सगळ्या गोष्टींत त्यांना कार्य आणि कारण दिसायचं. त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य होतं, “कार्य दिसलं की कारण हुडका. कारण सापडत नाही म्हणजे कारण नसतं असं नाही. तुम्ही बावळट असता एवढंच.” डस्टर हरवलं तरी हेच वाक्य, गावातली वीज गेली तरी हेच.

हाडं दुखायला लागल्यावर त्यांनी हेच वाक्य स्वतःवर लावलं. लातूरला तेव्हा नव्या जिल्ह्याचे नवे दवाखाने निघत होते. एका डॉक्टरांनी वात सांगितला, दुसऱ्यांनी वय सांगितलं, तिसऱ्यांनी सगळं मनाचं आहे म्हणून सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. सरांनी तिघांनाही बावळटांत जमा केलं आणि शोध आपल्या हातात घेतला. त्यांचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पंधरा दिवस थांबायचं, मग फळ्याचा कोपरा बघायचा.

पहिली पाळी घरातल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आली. सगळी मोडीत गेली आणि काकू, म्हणजे सरांची बायको, मातीच्या गाडग्यांत वरण शिजवायला लागल्या. पंधरा दिवसांनी फळ्यावर होतं, ‘आज : उजवा खांदा.’ मग बाजेचं सुंभ ढिलं आहे असं ठरलं आणि सर एका जुन्या दाराच्या फळीवर निजायला लागले. मग खडूच्या भुकटीवर संशय आला. महिनाभर सरांनी फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं, आणि ते वाचायला पोरं एकमेकांची मदत घ्यायची. काकू एकदा मला देवळापाशी अडवून म्हणाल्या, “दुखतेत हाडं ह्यांची आन् मोडून राहिलेत माझा संसार. तू तर शिकलीस गं बाई, तू तरी सांग काहीतरी.”

शेवटी पाणी. गावातलं प्यायचं पाणी एकाच हापशाचं, आणि तो हापसा आमच्या वस्तीत, म्हणजे गावाच्या पूर्वेला ओढ्याकाठी असलेल्या बौद्धवाड्यात, आमच्या अंगणाला लागून. सरांनी त्या पाण्याची बाटली भरून लातूरला तपासायला नेली. पाणी चांगलं निघालं. परत आल्यावर ते माझ्या वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, “पाण्यात दोष नाही, बाई.” खाली मान घालून म्हणाले. प्रयोग फसल्याचं त्यांना वाईट वाटलं असेल असं समजून मी विषय सोडला.

ह्या सगळ्या संशयितांत ऊन मात्र कधीच नव्हतं.

सर उन्हात यायचे नाहीत हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. दिवस उगवायच्या आत ते शाळेत हजर आणि परत जायचे ते दिवे लागल्यावर. मधे कुठं जावंच लागलं तर मोठी काळी छत्री, मनगटापर्यंत बाह्या, कानाडोक्यावरून गुंडाळलेलं उपरणं. वर्गाच्या खिडक्या बारा महिने बंद. दारातून येईल त्या उजेडात आम्ही शिकलो. झेंडावंदनाला सगळी शाळा मैदानात आणि सर व्हरांड्यात, छत्री उघडून, डाव्या हातात छत्री धरून उजव्या हातानं सलामी देताहेत. पाहुण्यांना सांगावं लागायचं की सरांना पित्ताचा त्रास आहे. शिवाय त्यांनी दूध, दही, ताक सोडलेलं. लोक काशीला जाऊन वांगं सोडतात. सर कुठं गेले नव्हते तरी सोडलं होतं. का, ते काकूंनाही सांगितलं नव्हतं. विक्षिप्त माणसाला एक सोय असते, त्याच्या दहा गोष्टींत अकरावी खपून जाते.

सर पहिल्यापासून असे नव्हते. मी लहान होते तेव्हा हाच माणूस भर उन्हात उघड्या डोक्यानं दहा गावं हिंडायचा. सर पाणाडी होते. पाणाडी म्हणजे जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि शेतातून सावकाश चालायचं. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो असं मानतात. विज्ञानाच्या मास्तरानं हे करावं का, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “कार्य खरं आहे. कारण अजून सापडलं नाही.” अहमदपूरपर्यंतचे लोक त्यांना गाडी घेऊन न्यायला यायचे. त्यांनी सांगितलेल्या बहुतेक विहिरींना पाणी लागलं होतं. पैसे घेत नसत. नारळ तेवढा घरी नेऊन खोबऱ्याची चटणी करायला लावत.

आमचा जिल्हा उस्मानाबादचा लातूर झाला तेव्हा गावात गुलाल उधळला होता. आणि थोड्याच दिवसांत असा दुष्काळ पडला की अंगाचा गुलाल धुवायला पाणी नव्हतं. गावच्या दोन्ही विहिरींनी तळ दाखवला. नवा जिल्हा, नवे साहेब, त्यांनी झटपट एक बोअर मंजूर केला. एकच. जीपमधून एक साहेब आला, कसलीशी तार जमिनीवर पसरून दिवसभर काहीबाही मोजलं आणि आमच्या वस्तीजवळ ओढ्याच्या काठावर चुन्यानं फुली मारून गेला.

ती फुली गावातल्या मोठ्या माणसांना पटली नाही. पाण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, जागेबद्दल होती. “आख्ख्या गावानं काय तिकडं जाऊन पाणी भरायचं?” हे वाक्य मी शाळेच्या ओट्यावर बसून स्वतः ऐकलं. तिकडं म्हणजे आमच्याकडं. मग कुणीतरी म्हणालं, साहेबाला काय कळतंय, आपला मास्तर हाय की. सरांना बोलावलं.

भर दुपारी सर नारळ घेऊन निघाले. मागं गाव, त्यामागं आम्ही पोरं. आमच्या वस्तीतल्या बायांना ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभं राहायला सांगितलं होतं, त्यांत माझी माय होती. सर आधी चुन्याच्या फुलीपाशी गेले. तिथं बराच वेळ उभे राहिले. त्यांची आमच्याकडं पाठ होती. मग वळले, नारळ हातावर आडवाच, आणि चालत चालत मारुतीच्या देवळापुढं आले. तिथं नारळ उभा राहिला. गावानं जयजयकार केला, आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली आणि दोनशे फुटांपर्यंत धुरळाच धुरळा निघाला. गाडी पुढच्या गावाला निघून गेली.

त्या उन्हाळ्यात पाणी दीड कोसावरून यायचं. ज्यांच्याकडं बैलगाड्या होत्या त्यांचं गाडीतून, आमचं डोक्यावरून. सरांना कुणी काही बोललं नाही. नशीब म्हणाले, जमिनीचा दोष म्हणाले. पुढच्या वर्षी सरकारनं पुन्हा गाडी पाठवली, ह्या वेळी साहेबानं कुणाचं न ऐकता फुलीवरच बोअर पाडला आणि पाण्याचा फवारा लिंबाच्या शेंड्याला लागला. आता आख्खं गाव तिकडंच येऊन पाणी भरतं. सरांनी मात्र पुन्हा नारळ हातात धरला नाही. त्यांचं उन्हात येणं नेमकं केव्हा बंद झालं हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढं दुखणं वाढत गेलं. सर बदकासारखे डुलत चालायला लागले. खाली बसले की दोन्ही मांड्यांवर हात रोवून, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उठायचे. एक दिवस मधल्या सुट्टीत पोरांच्या पंगतीत जेवायला बसले आणि उठताच येईना. शिपाई आणि मुख्याध्यापकांनी काखेत हात घालून उभं केलं. सरांचे डोळे भरले होते आणि ते दुसरीकडं बघत होते. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतही कुणी हसलं नाही. संध्याकाळी काकू आमच्या घरी आल्या, अंगणाबाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, “तू ह्यांना नांदेडला घेऊन जा. माझं ऐकत न्हाईत, पोराबाळांचं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील.” माझंच का ऐकतील, ते मला तेव्हा कळलं नाही.

नांदेडच्या गाडीत सर डाव्या बाजूला बसले. “सकाळी उजवीकडं ऊन असतं. येतानाही डावीकडंच बसायचं, तेव्हा ऊन फिरलेलं असतं,” त्यांनी मला समजावून सांगितलं. स्टँडवरून दवाखान्यापर्यंत छत्री, आणि दवाखान्यातही छत्री मिटवायला त्यांना वेळ लागला. बाकावरची माणसं बघायला लागली तेव्हा मी जरा सरकून बसले, जणू मी ह्यांच्याबरोबर आलेच नाही. मग पुन्हा जवळ सरकले.

डॉक्टर हाडांचे होते आणि बोलायला कमी होते. एक्सरे काढला, रक्त घेतलं, दुपारी परत बोलावलं. एक्सरे उजेडावर धरून म्हणाले, “हाडं विरळ झालीत गुरुजी. ही मांडीच्या हाडात चीर हाय, दिसली का? मार लागला होता?”

“नाही.”

“मग तुमचंच वजन पेलून तडकलंय. दूध पिता?”

“सोडलंय.”

“ऊन घेता का?”

सर हसले. “मराठवाड्यात ऊन घ्यावं लागतं का, डॉक्टर? ते घरात येऊन देतात.”

डॉक्टर हसले नाहीत. “हे दुखणं मला कधी घराबाहेर न पडणाऱ्या बायांत दिसतं. गावात हिंडणाऱ्या मास्तराला व्हायचं काही कारण न्हाई. आता कारण तुमीच सांगा.”

सरांनी मांडीवरच्या छत्रीकडं बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारला होता. मग म्हणाले, “मी उन्हात जात नाही.”

“कधीपासून?”

“बोअर मारला तेव्हापासून.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काही कळलं नव्हतं. मला थोडं थोडं कळायला लागलं होतं आणि कळू नये असं वाटत होतं.

“असंच चाललं तर वर्षभरात खुबा मोडेल,” डॉक्टर म्हणाले. “मग खाटेवरून उठायचं नाव न्हाई. इंजेक्शन देतो, गोळ्या देतो, दूध सुरू करा. पण रोज सकाळी तासभर उघड्या अंगानं उन्हात बसायचं. ते तुमच्या वतीनं दुसरं कुणी बसू शकत न्हाई.”

येताना गाडीला गर्दी होती. जागा मिळाली ती उजवीकडं, उन्हाची. सर खिडकीपाशी बसले. लोहा मागं पडल्यावर त्यांनी उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात खिडकीच्या कडेवर ठेवला. हाडाला बांधलेली पट्टी सोडल्यावर खालचं कातडं दिसतं तसा तो हात होता. मी दुसरीकडं बघितलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्याकडं ऊन कधी येतं?”

“सकाळीच येतं सर. आमच्याकडं आडोसा कुठंय?”

“हापशापाशी?”

“तिथंही.”

“कारण सापडलं की प्रयोग तिथंच करायचा असतो,” सर म्हणाले.

मी म्हटलं, “शाळेच्या गच्चीवर बसा ना सर. तिथं कुणी बघत नाही.” मला खरंच ते आमच्याकडं यायला नको होते. वस्तीतल्या बाया काय म्हणतील, माय काय म्हणेल, सर तिथं उघडे बसलेले कसे दिसतील, ह्या सगळ्याची मला आधीच लाज वाटत होती. सरांनी दुसरीही बाही दुमडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री काठीसारखी टेकवलेली. गावातून आमच्यापर्यंतची ती वाट त्यांना किती दुखली असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हापशावर पाच-सहा बाया होत्या. सरांनी खुर्ची मांडली, सदरा काढला आणि बंडीवर बसले. बायांनी पदर सारखे केले. माय हापसत होती, तेवढाच खडखडाट. मी दारात उभी होते, पुढं जावं की आत जावं ते ठरत नव्हतं.

सर मांड्यांवर हात रोवून उठले. तसं बसूनही बोलता आलं असतं.

“अक्का,” ते म्हणाले. त्याआधी त्यांनी माझ्या मायला कधी कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. “त्या दिवशी नारळ हितं उभा राहिला होता. ह्या फुलीवर. मी पाठ करून झाकला. मारुतीपुढं राहिला न्हाई, तिथं मी अंगठ्यानं उचलला.”

इतक्या वर्षांत मी त्यांना गावाच्या बोलीत बोलताना ऐकलं नव्हतं.

मायनं दांडा सोडला. “ठाऊक हाय,” ती म्हणाली.

“कसं?”

“भर दुपार व्हती गुर्जी. हुबा नारळ काय दिसत न्हाई व्हय? आमी समद्या बाया त्या काठावर, तुमच्या तोंडापुढं हुब्या व्हतो.”

सरांनी ओढ्याच्या त्या काठाकडं बघितलं. मग म्हणाले, “मग कुणी बोललं का न्हाई?”

“कुणाला बोलायचं? ज्यांच्यापुढं बोलायचं त्यांनाच तर तो मारुतीपुढं हुबा पायजे व्हता.”

बाकीच्या बाया खाली बघत होत्या. मीही खाली बघत होते. सगळ्या वस्तीला हे ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मी शिकावं, त्याच शाळेत शिकावं, म्हणून मायनं मला ते सांगितलं नसेल. ती कण्हत नसे तशीच हेही बोलली नव्हती. आणि मी तिची लेक, सरांच्या हाडांचं कारण शोधायला त्यांना नांदेडपर्यंत घेऊन गेले होते. मायची मान डावीकडं वळत नाही, ती हाक ऐकून सगळ्या अंगानं वळते, हे रोज बघत होते आणि ते कशानं, हे कधी विचारलं नव्हतं.

“तोंड दाखवायची शरम वाटली, अक्का,” सर म्हणाले. “म्हणून उन्हात आलो न्हाई.”

“ते बी दिसलं,” माय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तुमची हाडं कशानं दुखतेत ते बघाया तुमी नांदेडला गेलात. माझी मान कशानं दुखती ते मला हितंच ठाऊक हाय. तो उन्हाळा आख्खा डोक्यावर वाह्यलाय मी. तुमी अंधारात बसल्यानं माझा हंडा काय हलका झाला न्हाई, गुर्जी.”

सर उभे होते. मला वाटलं आता ते खुर्ची उचलून निघून जातील आणि पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत. काकूंना काय सांगायचं, हे माझ्या मनात येऊन गेलं.

मायनं हंडा उचलून डोक्यावर घेतला. दोन पावलं गेली आणि थांबली. मान वळत नाही म्हणून सगळ्या अंगानं वळून तिनं सरांकडं बघितलं.

“खुर्ची सरका तिकडं,” ती म्हणाली. “लिंबाची सावली आलीय तुमच्यावर.”

सरांनी खुर्ची ओढत ओढत उन्हात नेली आणि बसले.